मोरपंखी बोल्ट

"अहो, थांबा! अंगण नांगरायला कुणी बोलावलंय तुम्हाला?"

छोटी मिस्त्री हातात पाना घेऊन गॅरेजबाहेर धावली, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. फाटकापासून थेट दारापर्यंत लांबलचक चर पडला होता, आणि चराच्या टोकाला एक छोटा ट्रॅक्टर उभा होता. झाडांच्या ओळींमधून फिरतो तसला, बुटका, आटोपशीर. मागे जोडलेल्या अवजाराचे फाळ जमिनीत रुतलेले. वर बसलेल्या तरुणाचा चेहरा मात्र असा, की ओरडणाऱ्यालाच ओशाळल्यासारखं व्हावं.

"रस्त्यावर वर होतं हो," तो म्हणाला. "फाटकापाशी आलो आणि... बसलं खाली. लिफ्ट अवजार उचलते, पण धरतच नाही."

"मग साखळीने बांधून आणायचं ना!"

"साखळी आहे की." त्याने सीटखालून ती काढून दाखवली. "डोकं तेवढं घरी राहिलं."

तिला हसू फुटत होतं, ते तिने गिळलं. नव्या गिऱ्हाइकापुढे लगेच हसायचं नाही, असा तिचा बाणा होता.

दारातल्या खुर्चीवर तिचे बाबा बसले होते. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत, म्हणून ही छोटी मिस्त्री. त्यांचं नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. डोळ्यांवर काळा चष्मा, वर डॉक्टरांनी वाकायला बंदी घातलेली. हात बांधले गेले होते, जीभ थोडीच बांधली होती!

"पंप गेला," त्यांनी बसल्या जागेवरून निकाल दिला. "कोण आहे रे? रोपवाला ना? तुझ्या वडिलांचा ट्रॅक्टर मीच बघायचो."

"पंप उचलतोय बाबा," ती म्हणाली. "उचललेलं टिकत नाहीये. आधी बघू तरी द्या."

तिने अवजार पूर्ण वर उचललं, इंजिन बंद केलं आणि खाली लाकडाचे जाड ठोकळे सरकवले, फाळांपासून वीतभर अंतर ठेवून. मग सीटखाली हात घालून एक नॉब घट्ट आवळला.

"हा कशाला?" रोपवाला तिच्या शेजारी वाकला. त्याच्या शर्टाला ओल्या मातीचा वास येत होता.

"याने अवजार खाली यायचा वेग ठरतो. पूर्ण आवळला की तेलाची परतीची वाट बंद. मग ते वरच राहायला हवं. तरीही खाली आलं, तर तेल आतल्या आत निसटतंय... म्हणजे पिस्टनचं सील गेलं." तिने लिफ्टच्या दांड्याजवळ खडूची रेघ ओढली. "आता बघत बसायचं."

"किती वेळ?"

"कंटाळा येईपर्यंत."

"मग अवघड आहे," तो रेघेकडे न बघता म्हणाला. "मला नाही येणार."

तिने कानामागची बट मागे सारली आणि गालाला ग्रीस लावून घेतलं. ते त्याने पाहिलं, सांगितलं मात्र नाही. दोघं उलट्या डब्यांवर शेजारी शेजारी बसून ती पांढरी रेघ न्याहाळत राहिले. वाऱ्याने पत्रा वाजत होता. आणि दांडा हळूहळू, चोरपावलांनी, रेघेखाली उतरला.

"सील!" ती टाळी वाजवून उठली. "बाबा, पंप ठणठणीत आहे. वरचं कव्हर उघडावं लागेल."

लिफ्टचं कव्हर म्हणजे जोखमीचं काम. आजवर ते मिस्त्रींनी दुसऱ्या कुणाला उघडू दिलं नव्हतं, आणि बंद केल्यावर प्रत्येक बोल्टवर ते लाल रंगाचा ठिपका लावत. त्यांचा लाल ठिपका दिसला, की बाकीचे मेकॅनिक त्या बोल्टला हात लावत नसत. छोट्या मिस्त्रीला स्वतःचा रंग नव्हता. म्हणजे होता... मोरपंखी रंगाची एक डबी तिने कधीची आणून कपाटात ठेवली होती, झाकणसुद्धा न उघडता.

"उघड," बाबा शेवटी म्हणाले. "पण ठिपका आज नाही. हंगाम संपेपर्यंत हा ट्रॅक्टर लिफ्टसाठी माझ्या दारात परत आला नाही, तर तुझा रंग लाव. आला, तर रंगाचं नाव काढायचं नाही."

हे बोलणं झालं तेव्हा रोपवाला नळावर हात धूत होता. त्याच्या कानावर त्यातलं काही गेलं नाही.

तिने कव्हर उघडलं, झिजलेलं सील काढून नवं बसवलं आणि बोल्ट एकाआड एक आवळत आणले, हात भरून आले तरी घाई केली नाही. पुन्हा खडूची रेघ ओढली. या वेळी दांडा जागचा हलला नाही. तिच्या छातीत काहीतरी ताठ उभं राहिलं.

"बाकी ट्रॅक्टरांच्या बोल्टवर लाल ठिपके आहेत. माझेच कोरे का?" जाताना त्याने विचारलं.

"हंगाम संपला की सांगेन."

"आणि तुमच्या गालावर ग्रीस आहे."

"कधीपासून?"

"मघापासून," म्हणून तो निघूनही गेला!

दुसऱ्याच दिवशी तो शेवंतीची रोपं घेऊन हजर झाला. "मी पाडलेला चर मीच बुजवणार. नांगरलंच आहे, तर लावूनही टाकू." रोज चार रोपं लावायची, उरलेली उद्या. इतक्या संथपणे रोपं लावणारा रोपवाटिकेचा मालक जगात दुसरा नसेल. ती ट्रॅक्टरखालून ओरडायची, "आमचे नट-बोल्ट यापेक्षा लवकर उगवतील!" आणि तो म्हणायचा, "मुळांना घाई चालत नाही, मिस्त्रीबाई." तो यायच्या वेळेला ती हल्ली तोंड धुऊन बसू लागली होती, हे मिस्त्रींना काळ्या चष्म्यातूनही दिसत होतं.

पण चर तो केवढा! एक दिवस रोपांची ओळ दारापर्यंत येऊन संपली. ट्रॅक्टर तर असा चालत होता, की तक्रारीला जागा नाही. छोट्या मिस्त्रीच्या हातगुणाने तिचंच नुकसान केलं होतं. पाच दिवस झाले, आठ झाले... फाटक वाजेना. ती मात्र दिवस मोजत होती ते दोन गोष्टींसाठी. हंगाम संपायला आता जेमतेम आठवडा उरला होता.

आणि एका सकाळी फाटकाशी तोच ओळखीचा आवाज घरघरला. तिचं मन उडी मारून उठलं, आणि लगेच धपकन बसलं. ट्रॅक्टर!

"लिफ्ट अडकली हो," तो सीटवरून म्हणाला. चेहरा पडलेला, पण डोळे हसरे. "वर गेली ती खालीच येईना."

गॅरेजात दोन गिऱ्हाइकं होती. मिस्त्रींना आता नवा चष्मा आला होता. त्यांनी तो काढला, पुसला आणि पुन्हा लावला. तिचे डोळे भरून आले, म्हणून ती तोंड फिरवून ट्रॅक्टरमागे गेली. ठोकळे सरकवले. सवयीने सीटखाली हात घातला...

नॉब. गच्च आवळलेला.

रस्त्यातल्या हादऱ्यांनी असा नॉब आवळला जात नाही. तो माणसाने आवळलेला होता, आणि आवळायला तिनेच शिकवलं होतं. क्षणभर तिला एवढा राग आला, की पाना फेकून मारावा. दुसऱ्या क्षणी कळलं, की हा वेडा कशासाठी आला आहे, आणि राग कुठे ठेवावा तेच समजेना.

एका फिरकीत नॉब सैल करून ती मोकळी झाली असती. पण स्वतःच्या कामाची वकिली ती स्वतः करणार नव्हती. ज्याने आवळलं, त्यानेच सोडवावं.

"बाबा म्हणाले होते," ती त्याच्या डोळ्यांत बघत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "हंगामात हा ट्रॅक्टर लिफ्टसाठी परत आला, तर मला माझा रंग नाही. म्हणून बोल्ट कोरे होते. आला परत. उघडू कव्हर?"

त्याच्या डोळ्यांतलं हसू विझलं. त्याने एकदा तिच्या ओल्या पापण्यांकडे पाहिलं, आणि खाली उडी मारून तो थेट मिस्त्रींसमोर जाऊन उभा राहिला.

"काका, लिफ्ट ठणठणीत आहे. हंगामभर एका बोटाचाही फरक पडला नाही, असं काम झालंय. नॉब मी आवळला. मुद्दाम." कान लालबुंद झाले होते, पण मान खाली गेली नव्हती. "शेवंती लावून संपली... आणि यायला निमित्त उरलं नाही. बिघाड लिफ्टमध्ये नाही, माझ्यात आहे."

"मग इथे कशाला आलास?" मिस्त्री गुरकावले. "आम्ही फक्त ट्रॅक्टर बघतो."

गिऱ्हाइकं खो खो हसली. मिस्त्री मात्र उठले, ट्रॅक्टरमागे गेले, नॉब सैल केला, आणि वाकायची बंदी विसरून वाकले. अवजार अलगद ठोकळ्यांवर उतरलं. नव्या चष्म्यातून त्यांनी कव्हरची कड तपासली, बोटाने चाचपली. तेलाचा थेंबही नव्हता.

"असं कव्हर मलाही माझ्या उमेदीत जमलं नव्हतं," ते गिऱ्हाइकांकडे वळून म्हणाले. छाती अशी पुढे आली होती, की जणू बोल्ट त्यांनीच आवळले होते. "बघता काय? माझ्या लेकीचं काम आहे हे!" मग तिच्याकडे वळले. "मिस्त्री, तुमची डबी आणा."

छोटी नाही. नुसतं मिस्त्री.

तिने झाकण उघडलं. एकेका बोल्टवर तिने सावकाश मोरपंखी ठिपका ठेवला. रोपवाला बाजूला उभा राहून बघत होता, चुकलेल्या पोरासारखा.

"रागावलीस?" पहिल्यांदाच त्याच्या तोंडून तू निघालं.

"खूप."

"निमित्त असताना बोलायला हवं होतं. रोज ठरवून यायचो... आणि रोप लावून जायचो. आवडतेस तू मला. आता पुन्हा यायचं नाही म्हणालीस, तर—"

"हात पुढे कर."

त्याने केला. तिने त्याच्या अंगठ्याच्या नखावर उरलेल्या रंगाचा ठिपका ठेवला, नीट, गोल.

"हा कशाला?"

"या गॅरेजचा नियम आहे," ती मान ताठ ठेवून म्हणाली, आणि इतके दिवस गिळलेलं हसू आता तिच्याने आवरेना. "माझा रंग दिसला, की दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही."