राग नाकावर असावा

"शार्दूल, जेवला का रे?"

लिगायाची रिबन नुकतीच हवेत उंच गेली होती, हॉलमध्ये व्हायोलिन रंगात आलं होतं, आणि तेवढ्यात स्पीकरमधून नागपूरचा हा आवाज दणदणला. "हॅलो? आवाज येतोय का? जेवला का?"

व्हायोलिन बंद. रिदमिक जिम्नॅस्टिक्सची स्पर्धा बघायला वेस्ट विंडसरच्या त्या जिममध्ये आलेले सगळे पालक छताकडे बघायला लागले. रिबन खाली आली ती लिगायाच्या हातात नाही, तिच्या डोक्यावर.

पंचांनी पुन्हा सुरुवात करू दिली. पण रागात फिरवली की रिबन ऐकत नाही. दुसऱ्या वेळी तिला चक्क गाठ पडली. झालं! याच खेळाचा व्हिडिओ मनिलाला जायचा होता, त्यावरून फिलिपिन्सच्या संघाची निवड होणार होती, आणि व्हिडिओत काय, तर कुणाची तरी आई आणि एक गाठ.

लिगाया तरातरा साउंडच्या टेबलाकडे गेली. तिथे एक उंच मुलगा फोन दोन्ही हातांत दाबून धरून बसला होता.

"कोण होती ही बाई?" तिने इंग्रजीत विचारलं. त्यांचं सगळं बोलणं पुढेही इंग्रजीतच व्हायचं होतं.

"आई... माझी. सॉरी. गाणं माझ्या फोनवरून वाजत होतं, आणि तिचा कॉल गडबडीत उचलला गेला—"

"मग?"

"मग काय... नाही जेवलो अजून."

इतका मूर्ख माणूस तिने आजवर पाहिला नव्हता. शार्दूल खरं तर भाचीसाठी आला होता. छोट्या गटात त्याची अनिका होती, आणि तिच्या आईने, वीणाताईने, "तू आयटीत आहेस ना, मग म्युझिक तूच सांभाळ" म्हणून त्याला त्या टेबलावर बसवून दिलं होतं. जणू आयटीवाल्यांच्या आया फोन करत नाहीत!

"नवीन व्हिडिओ मी शूट करून देतो," तो म्हणाला. "माझ्याकडे चांगला कॅमेरा आहे. दर शनिवारी येतो. फोन बंद ठेवून."

"येशीलच! ही शिक्षा आहे तुझी."

"नाव काय तुझं?"

"लिगाया."

"अर्थ?"

"आनंद," ती दात ओठ खात म्हणाली. तो हसला, आणि त्याबद्दल वेगळा ओरडा खाल्ला.

तिच्या रागाला कारण नव्हतं असं कुणी म्हणू नये. लिगाया बोटाला धरून चालायच्या वयात फिलिपिन्सहून एडिसनला आली, इथेच वाढली, इथेच पाय कानापर्यंत न्यायला शिकली. आता वयाच्या एकविसाव्या वर्षी ती फिलिपिन्ससाठी खेळायचं म्हणत होती, तर तिथले लोक इंटरनेटवर लिहीत होते, ही कसली आपली, हिला आपली टॅगालॉग भाषा तरी येते का? इथले लोक विचारत, पण तू मूळची कुठली? दोन्हीकडच्यांना एकेक सणसणीत लावून द्यावी असं तिला वाटे, आणि बरोबरच होतं ते. टॅगालॉग तिला समजायची सगळी. बोलायची वेळ आली की जीभ अडखळे, मग कुणीतरी हसे. म्हणून तिने बोलणंच सोडलं होतं. मनिलाहून मावशीचा, म्हणजे तिच्या टीटाचा, फोन आला तरी उत्तर इंग्रजीतून.

शनिवार सुरू झाले. शार्दूल कॅमेरा लावून जमिनीवर मांडी घालून बसे, आणि रिबन त्याच्या नाकाजवळून सळसळत जाई... मुद्दामच.

"लागली असती मला!"

"नेम चुकला. पुढच्या वेळी नक्की."

"तू रागावलीस की तुझी उडी उंच जाते, माहितीये?"

"म्हणून मुद्दाम चिडवतोस?"

"देशसेवा करतोय. तुझ्या देशाची."

तिला हसू आलं. ते लपवायला तिने पाठ फिरवली, पण समोर भिंतभर आरसा होता, आणि आरशात तो बघत होता. दोघांनीही मान खाली घातली.

व्हिडिओ गेला. उत्तरही आलं, तिला सराव शिबिराला बोलावलं होतं. सहा महिने, मनिला. लिगायाला आनंद झाला असेल असं वाटतं? ती घाबरली, आणि घाबरल्यामुळे भयंकर चिडली. "तिथे तोंड उघडलं की हसतील मला," ती म्हणत राहिली. होकार कळवायच्या शेवटच्या दिवसापर्यंत तिने काहीच कळवलं नाही.

त्या दिवशी एडिसनच्या ओक ट्री रोडवर पाऊस लागला होता. लिगाया दुकानातून दोन चहा घेऊन निघाली. आज शार्दूलला एक गोष्ट विचारायची, असं तिने ठरवलं होतं... मी गेले, तर थांबशील? बाहेर छपराखाली तो पाठमोरा उभा राहून आईशी मराठीत बोलत होता.

"मुलगी कशी पाहिजे, म्हणून विचारतेस ना आई? सांगतो. स्वभाव कडक असावा. आवाज खणखणीत असावा. आणि राग तर नाकावरच असावा!"

लिगायाने दोन्ही चहा गाडीच्या बॉनेटवर आदळले.

"असावा, असावा, असावा! कितीदा म्हणालास! लग्न झालंय तुझं?"

शार्दूल घाईघाईने फोन ठेवून तिच्याजवळ पावसात आला. "माझं? कुणाशी?"

"ते मला विचारतोस? मला टॅगालॉग येत नाही, असं सगळं जग म्हणतं. पण हा एक शब्द येतो मला! प्रत्येक वाढदिवसाला प्रत्येक टीटा तेच विचारते, 'असावा' कधी आणतेस? 'असावा' म्हणजे नवरा! बायको! सांग, कोण आहे ती?"

तो हसायला लागला, आणि तिचा चेहरा पाहून थांबला.

"अगं, मराठी आहे तो शब्द. म्हणजे... हवा तसा. किंवा नक्की माहीत नसलं, पण बहुतेक आहे असं वाटलं, की म्हणतात, असावा."

"खोटं."

"आई मुलगी बघतेय माझ्यासाठी. तिला सांगत होतो... स्वभाव कडक हवा. आवाज खणखणीत. आणि राग—" त्याचे कान लाल झाले. "राग नाकावर."

पाऊस बॉनेटवर टपटपत होता. चहात पाणी पडत होतं.

"हे तू आधी आईला सांगितलंस?" ती हळूच म्हणाली, आणि मग मोठ्याने, "मला सोडून?"

"तुझी भीती वाटते यार!"

"वाटायलाच हवी! आणि मी जात नाही मनिलाला. एक शब्द येत होता, तोही चुकला."

तेव्हा शार्दूल पहिल्यांदा चिडला. "चुकला कुठे? बरोबर ऐकलास तू! पावसात, रस्त्यावर, पाठीमागून ऐकूनही ओळखलास. तुझीच भाषा आहे ती. हसणाऱ्यांना काय कळतं? तू जायचं. नाही गेलीस ना, तर तुझ्या प्रत्येक स्पर्धेत माझी आई स्पीकरवर जेवणाची चौकशी करेल."

"आणि तू?"

"मी इथेच आहे. उपाशी."

तेवढ्यात लिगायाचा फोन वाजला. व्हिडिओवर टीटा, मनिलाहून. येते आहेस की नाही, आज शेवटचा दिवस, तिने टॅगालॉगमध्ये झापायला सुरुवात केली. मग तिला मागे भिजलेला शार्दूल दिसला, आणि ती झापायची थांबली.

"सिनो यान?" टीटाने विचारलं. कोण हा?

लिगायाने इंग्रजी वाक्य जुळवलं, आणि तसंच गिळलं. आधी तिने टॅगालॉगमध्ये सांगितलं की येते आहे. अडखळत, पण पूर्ण वाक्य. मग शार्दूलची बाही ओढून त्याला फोनसमोर उभं केलं.

"असावा," ती म्हणाली.

टीटा इतक्या जोरात किंचाळली की दुकानातली माणसं काचेशी आली. शार्दूलचं तोंड उघडंच राहिलं.

"बघतोस काय?" नाकावरच्या रागासकट लिगाया त्याच्यावर खेकसली. "मराठीत बोलले मी."