कट्यारीशी लागलेलं लगीन

लाइट गेलीच आहे तर ऐका. पण संपल्यावर "काका, घरापर्यंत सोडून द्या" म्हणायचं नाही. मी म्हातारा माणूस, परत एकटाच यायचा.

चामोर्शीच्या बाजारात मासळी विकणारा मनसाराम तुम्ही पाहिला आहे. आता फारसं बोलत नाही, तोच. तेव्हा मोठा बोलका होता. दोन हजार बावीसची अक्षय्य तृतीया, म्हणजे आपली अकिती. त्या दिवशी तो भाच्याचं लग्न लावायला निघाला. नवा दुपट्टा, पिशवीत नारळ, हातात कट्यार. सगळं होतं, फक्त नवरदेव नव्हता.

भाचा भूपेश म्हणजे मनसारामच्या विधवा बहिणीचा, कुंताचा, एकुलता एक मुलगा. बोरवेलच्या गाडीवर कर्नाटकात कामाला. मालकाने ऐन वेळी सोडलं नाही. इकडे मांडव टाकलेला, तांदूळ निवडून ठेवलेले. आदल्या दिवशी दोन्हीकडची माणसं बसली. कुणी म्हणालं तारीख ढकला, कुणी म्हणालं मोबाइलवर लावा. नवरीचा आजा वारलू म्हणाला, "पयले लावत होते ना कट्यारीसंग! काऊन नाई चालत?"

नवरीची आई बुधरी उसळलीच. "माही पोरगी म्या लोखंडाले देऊ का?"

साधनाला, म्हणजे नवरीला, कुणी विचारलंच नाही.

शेवटी निवाडा केला मनसारामने. कट्यार म्हणजे नवरदेवच, लगीन उद्याच. भूपेश फोनवर काकुळतीला आला. "मामा, दोन दिवस थांबा. मी निंगतो."

"अकिती थांबत नाई बापा. तू तिथीच हळद लावून घे."

पोराने ऐकलं. किराणा दुकानातली पुडी आणून सोबतच्या मजुराकडून हळद लावून घेतली. आता बाहेरचं काही लागू नये म्हणून हळद लागलेल्या पोराला एकटं सोडत नाहीत, कट्यार हातातून ठेवू देत नाहीत, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मनसारामलाही होतं. पण कट्यार एकच, आणि ती मांडवात हवी होती. त्याने तो विचार मनातून झटकून टाकला.

गोरजावर लगीन लागलं. दुपट्ट्यात गुंडाळलेली कट्यार मनसारामने पाटावर धरली, साधनाने तिला हार घातला. बाया तोंडाला पदर लावून हसल्या. जेवणं होऊन निघायला रात्रीचे अकरा वाजले. बोलेरो गावातल्या पोचूची, चालवायला तोच. पुढे पोचू आणि मनसाराम, मागे साधना आणि तिची करवली रिना. वऱ्हाडाची दुसरी गाडी पुढे निघून गेलेली. नवरी उंबरठा ओलांडेपर्यंत कट्यार खाली ठेवायची नसते, म्हणून मनसारामने ती मांडीवर घट्ट धरली होती.

घोट गाव सोडलं आणि जंगल लागलं. तिजेची कोर कधीच बुडाली होती. पावणेबारा झाले असतील.

"मामाजी," साधना मागून हळूच म्हणाली, "हे आले."

"कोन?"

ती लाजली असावी. नवऱ्याचं नाव कसं घेणार...

पोचूने आरशात पाहिलं. "करवली झोपली हाये भाऊ. दुसरं कोनी नाई."

गाडी साठच्या वेगात होती. कुठे थांबली नव्हती. मागे बांगड्या वाजल्या. साधना खिडकीकडे सरकली. एका माणसापुरती.

मनसारामने भूपेशचा नंबर लावला. बंद. पुन्हा लावला... बंद.

"मामा..."

आवाज भूपेशचा. फार थकलेला.

"मामा, माही कट्यार... मी एकटाच आहो ना."

मनसारामने मान वळवली नाही. मागून पुन्हा तोच आवाज.

"साधना. चाल."

"चाला," ती म्हणाली. हसतच म्हणाली.

मागच्या दाराचा खटका उघडला. वारा आत घुसला.

ज्या पोराला खांद्यावर बसवून तलाव दाखवला, त्याला आपणच उघडं सोडलं.  मनसारामने काच खाली केली.

"घे बापा. घे अन् जाय. पोरीले सोड..."

कट्यार अंधारात गेली. पडल्याचा आवाज आला नाही.

पोचूने करकचून ब्रेक मारला. मागचं दार सताड उघडं. साधना जागेवर होती, एक पाय बाहेर.

"कुठी गेले?" तिने विचारलं.

घरी पोचले तेव्हा कुंता आरतीचं ताट घेऊन उभी होती. तेवढ्यात बोरवेलच्या गाडीवरच्या बिरजूचा फोन आला. पोरगा अंगाला हळद तशीच ठेवून, मालकाला न सांगता, दुपारीच निघाला होता. हायवेने पायी जाताना ट्रकने उडवलं. कधी, ते कुणालाच सांगता येईना. लोकांना सापडला तो अंधार पडल्यावर.

मग पुन्हा माणसं बसली. पोरगा लग्नाआधी गेला असेल तर पोरगी कुवारी, नंतर गेला असेल तर विधवा. दोन्हीकडून घसे फुटेस्तोवर भांडण झालं. मनसाराम उठून मध्ये आला. "कट्यार म्या फेकली. नवरदेवच घरी आला नाई, तं लगन कायचं? पोरगी मोकळी हाये."

कुंताने, त्या पोराच्या आईने, साधनाच्या गळ्यातलं मंगळसूत्र स्वतःच्या हाताने काढलं. "जाय बाई. तू जग," म्हणाली. साऱ्यांना रडू कोसळलं.

गेल्या हिवाळ्यात साधनाचं पुन्हा जमलं. मुलगा वडसाचा, लोकेश नावाचा, तांदळाच्या गोदामात कामाला. ओळखीतला, शांत. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी तिला हळद लागली. रात्री ती आतल्या खोलीत झोपली, आतून कडी लावून.

पहाटे बुधरीने मनसारामला बोलावून घेतलं. फोनवर तिला धड बोलता येत नव्हतं.

तो गेला. गादीच्या एका कडेला साधना बसलेली. दुसऱ्या कडेला करड्या भुकटीचा थर. डोकं, खांदे, लांब पाय... कुणी रात्रभर कुशीवर झोपून उठावं, तसा. बोर मारताना खडकाचं पीठ उडून माणसांच्या अंगावर बसतं, ते हे. मनसारामने चिमटीत धरून चोळलं. अजून कोमट होतं.

साधना रडत नव्हती. "माय, वडसाच्या पाहुण्याइले नाई म्हना," एवढंच बोलली.

त्या गावात आजवर एकही बोर झालेला नाही. सगळे विहिरीचं पाणी पितात.