दिवेवाला उठलाच नाही

आमच्या चष्म्याच्या दुकानात माणसांना नावं नसतात, नंबर असतात. आत्याने लावून दिलेली पद्धत. 'सव्वातीनच्या बाई येऊन गेल्या', 'अडीचचे सर पुन्हा स्वतःच्याच चष्म्यावर बसले' अशी आमची भाषा. त्यामुळे तो पहिल्यांदा आला तेव्हा पावतीवर त्याचं नाव लिहिलं आणि लगेच विसरूनही गेले.

आला तो एका हातात चष्मा आणि दुसऱ्या हातात चष्म्याची तुटलेली काडी घेऊन. दाराशी जाहिरातीची हसरी पुठ्ठ्याची बाई उभी असते, माणसाएवढी. तिच्यासमोर उभं राहून त्याने अगदी अदबीने विचारलं, "हा जोडून मिळेल का?"

"मी इकडे आहे," मी म्हटलं.

तो वळला. "तरीच. एवढं हसण्यासारखं काय झालं, असंच वाटत होतं मला."

काडी काही जुळण्यातली नव्हती, म्हणून नवा चष्मा करायचा ठरलं. त्याला खुर्चीत बसवून मी नंबर काढायला घेतला. दोन्ही डोळे, मायनस पावणेदोन. डोळे दमलेले होते, पण छान होते. हे मी पावतीवर लिहिलं नाही.

"दिवसाचे किती तास पडद्यासमोर?"

"बारा. कधी कधी चौदा."

"काम काय करता?"

"भिंतींवर डोकं आपटतो."

"आणि त्याचा पगार मिळतो?"

"मिळतो की. फार नाही."

थट्टा करतोय असं समजून मी हसले. मग त्याचं लक्ष माझ्या किल्ल्यांकडे गेलं. त्यात एक पितळी दीपस्तंभ अडकवलेला आहे. त्याने तो नाकाशी धरून पाहिला आणि हळूच विचारलं, "हा… 'सातवं बंदर'मधला ना?"

झालं. आत्याने मान खाली घालून हिशेबाची वही उघडली, कारण आता अर्धा तास तरी मी थांबणार नाही हे तिला ठाऊक होतं.

'सातवं बंदर' हा माझा जुना आजार. मी अकरावीत असताना कॉम्प्युटरवरच्या त्या खेळाचा पहिला भाग आला. सात बेटं आहेत आणि त्यांवर आपण हवं ते व्हायचं, वैद्य, चोर, खलाशी. कोणाशी कसं वागतो, काय बोलतो, त्यावर पुढची गोष्ट ठरते. दुसरा भाग 'पुढच्या वर्षी येतोय' असं म्हणता म्हणता आठ वर्षं गेली. तेवढ्यात माझं शिक्षण संपलं, मी डोळे तपासायला शिकले, आत्याचे केस पिकले. आता येत्या शुक्रवारी तो खरोखर येणार होता. आणि खेळाच्या चाहत्यांच्या ऑनलाइन पानावर मी 'खलाशीण' या नावाने लिहिते. दुसरा भाग कसा आहे, यावरचा माझा लेख वाचायला चार हजार माणसं टपून बसली होती.

"खेळलात की मला सांगाल?" तो म्हणाला. "म्हणजे… चष्मा न्यायला येईन तेव्हा."

सोमवारी तो चष्मा न्यायला आला. दुकानाबाहेर गिऱ्हाइकांसाठी दोघांपुरता एक बाक आहे. चहाचे कप घेऊन आम्ही तिथे बसलो आणि मी सुरू झाले. कौलावरच्या पावसाचा आवाज वेगळा आणि पत्र्यावरच्याचा वेगळा येतो. म्हातारा कोळी आपण मारलेली थाप तीन बेटं पलीकडेही लक्षात ठेवतो. तलवारबाजीची मात्र पार वाट लावलीय, सगळे योद्धे कंबर धरल्यासारखे हलतात.

तो मन लावून ऐकत होता, पण प्रश्न विचित्र विचारायचा.

"लाकडी पुलावरून जाताना पाय फळीत बुडतात का?"

"नाही. का बुडतील?"

"सहज," तो म्हणाला आणि त्याच्या चेहऱ्यावर एखादी परीक्षा पास झाल्याचा आनंद पसरला.

साडेसहाला आत्या आतून खाकरली. पाटीचा दिवा लावणं हे माझं काम, आणि मिनिटभर उशीर झालेला तिला खपत नाही. मी उठले. तोही उठला.

दोन दिवसांनी तो परत आला. चष्मा नाकावर टोचत होता म्हणे. मी नाकाजवळची पट्टी वाकवून दिली. मग कानामागे टोचायला लागला. मग एका बाजूला कलायला लागला. तीन आठवड्यांत तो सहा वेळा आला आणि दर वेळी आमचा चहा झाला.

"या पावणेदोनचं नाक दर दोन दिवसांनी बदलतं का गं?" आत्याने विचारलं.

"असतात काही नाकं तशी," मी म्हटलं. माझे कान तापले होते.

तो सहाव्या वेळी आला तेव्हा मी खेळ संपवूनच आले होते. "सगळ्यात सुंदर काय आहे, सांगू?" बाकावर बसता बसता मी म्हटलं. "पाचव्या बेटावर धक्क्याजवळ एक बाक आहे. तिथे गावचा दिवेवाला बसलेला असतो. दिवस मावळला की तो शिडी घेऊन उठतो आणि गावातले दिवे लावत जातो. पण मावळायच्या आधी आपण त्याच्या शेजारी जाऊन बसलो ना… तर तो उठतच नाही. अंधार पडतो, गावात एक दिवा नाही, आणि तो नुसता आपल्याजवळ बसून राहतो. सोबत मिळाली म्हणून काम विसरला बिचारा."

त्याने चष्मा काढून शर्टाने पुसायला घेतला. एरवी मी हातावर चापट मारली असती.

"हे लेखात येणार?"

"लेखाचा शेवटच तो आहे. बनवणाऱ्यांनी काय मायेने केलंय, असं…"

"ती माया नाही," तो म्हणाला. "ती चूक आहे."

"कशावरून?"

"ती पकडायचं काम माझं होतं."

मग एकेक उलगडत गेलं. तो खेळ बनवणाऱ्या कंपनीत चुका शोधायच्या कामावर होता. चार वर्षं खेळातल्या प्रत्येक भिंतीवर डोकं आपटायचं आणि कुठली आरपार जाते ते लिहून काढायचं.

"एका संध्याकाळी फार कंटाळलो होतो," तो म्हणाला. "खेळातल्या त्या बाकावर जाऊन बसलो. आणि तो उठलाच नाही. चार वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्याशेजारी थांबलं होतं. नाही लिहिली मी ती चूक."

"आणि तीन आठवडे मी तुम्हाला तुमचाच खेळ समजावून सांगत होते."

"बाहेर बोलायची मनाई असते आम्हाला."

"नाक टोचत होतं ते?"

"पहिल्यांदा खरंच टोचत होतं."

"आणि नंतर?"

त्याने चष्मा घातला. "मला त्या खेळात नुसते खड्डे दिसायचे. तुम्ही बोलायला लागलात की तो चांगला वाटायचा. म्हणून यायचो." तो उठला. "तुम्ही लिहिलंत, तर ती चूक कुणी कळवली नाही, हे कंपनीवाले शोधतील. नोकरी जाईलही. पण लिहू नका असं मी म्हणणार नाही. लेख तुमचा आहे."

मी चहाचे कप उचलले. रागावले होते. आपलं हसं झालं असं वाटत होतं. तो रस्ता ओलांडून गेला आणि आतून आत्याचं खाकरणं ऐकू आलं.

पुढचे चार दिवस त्याचं नाक अगदी ठणठणीत असावं. दारात कुणी आलं की मी मान वर करायची आणि सव्वातीनच्या बाईंना बघून तोंड पाडायची. शेवटचा परिच्छेद मी खोडला, परत लिहिला, परत खोडला. खरं सांगायचं तर हसं झाल्याचं दुःख केव्हाच संपलं होतं. मला तो आवडला होता, त्याच्या विचित्र प्रश्नांसकट, आणि तो येत नव्हता.

रविवारी लेख टाकला. दिवेवाल्याशिवाय. आठ वर्षं ज्या लेखासाठी थांबले, त्याला शेवटच नव्हता. चाहत्यांनी बरोबर पकडलं. 'खलाशीणबाई, शेवट गुंडाळलात,' कुणीतरी लिहिलं. मी मुकाट्याने ऐकून घेतलं.

गुरुवारी खेळाची दुरुस्ती आली. सुधारलेल्या चुकांची ही लांबलचक यादी. तिच्यात तळाशी एक ओळ होती. 'पाचव्या बेटावरचा दिवेवाला आता वेळेवर उठतो.'

ती चूक कळवणारा एकच माणूस असू शकत होता.

शुक्रवारी सकाळी दुकान उघडायच्या आधी मी पाचव्या बेटावर गेले, बाकावर बसले. सूर्य बुडाला. दिवेवाला उठला, त्याने शिडी खांद्यावर घेतली आणि निघून गेला. एकेक करत सगळ्या गावात दिवे लागले. फार सुरेख दिसत होतं. मी मात्र हुंदके देऊन रडले आणि आत्याला सांगितलं की डोळ्यात काहीतरी गेलंय. "डोळ्यांच्या दुकानात आहेस, काढून घे," ती म्हणाली.

त्याच संध्याकाळी सव्वासहाला तो आला. आत नाही आला, बाहेर बाकापाशीच उभा राहिला. मी बाहेर गेले.

"नाक?" मी विचारलं.

"बरं आहे. आज नुसताच आलोय."

"आणि नोकरी?"

"भरपूर बोलणी खाल्ली. पुढच्या खेळातही भिंतीच दिल्यात."

मी बाकावर बसले. तो जरा अंतर ठेवून बसला.

"मी तर लिहिलं नव्हतं," मी म्हटलं. "मग कशाला सांगितलंत?"

"वाचला तुमचा लेख. शेवट नसलेला." तो आपल्या हातांकडे बघत होता. "तुम्ही माझ्यासाठी तो खोडलात. मग ती चूक पोटात ठेवून तुमच्याजवळ येऊन बसणं… जमलं नसतं मला. आणि मला यायचं होतं. रोज यायचं होतं."

"आता तो दिवेवाला नाही थांबत कुणासाठी."

"माहितीये."

समोरच्या बेकरीचे दिवे लागले. मग औषधाच्या दुकानाचे. साडेसहा झाले होते. आत्या आतून खाकरली.

तो आपणहून उठायला लागला. मी त्याची बाही धरली.

आत्या पुन्हा खाकरली, या वेळी चांगली मोठ्याने. "पाटीचा दिवा कोण लावणार आहे?"

मी त्याच्याजवळ सरकले. तो खाली बसला. माझी बाहीवरची बोटं त्याने आपल्या हातात घेतली. दाराशी पावलं वाजली, आत्या उंबऱ्यापर्यंत आली, तिने आमच्याकडे पाहिलं. बटणाकडे हात नेला आणि परत घेतला.

त्या संध्याकाळी अख्ख्या रस्त्यावर आमची एकच पाटी अंधारात राहिली.