तिसरी डबी

आवाजाच्या शौकिनांची मला किळस येते. गाणी ऐकणाऱ्यांची नव्हे, यंत्रं ऐकणाऱ्यांची. मोबाइलवर त्यांचा एक गट आहे आणि माझं दुर्दैव असं की मी त्यात आहे. तिथे रोज कुणीतरी आपल्या नव्या डॅकचा फोटो टाकतो आणि खाली लिहितो की आवाजात ऊब आली, मोकळी हवा आली, गायिकेच्या ओठांचा ओलावासुद्धा कळायला लागला. ओठांचा ओलावा! असलं वाक्य वाचलं की मला उठून तोंड धुवावंसं वाटतं.

डॅक ही एक साधी डबी असते. कॉम्प्युटरमध्ये गाणं आकड्यांच्या रूपात असतं. ही डबी त्या आकड्यांची वीज करते, ती वीज अँप्लिफायरमधून स्पीकरला जाते आणि आपल्याला आवाज ऐकू येतो. बाकी सगळ्या बाता. मी एकोणतीस वर्षं पोरांना भौतिकशास्त्र शिकवलंय, त्यामुळे ऊब काय असते हे मला कुणी शिकवायला येऊ नये.

तरीही गेल्या होळीला आमच्या तेलगावच्या घरात, माझ्या टेबलावर, एक सोडून तीन डॅक होते. त्याला कारण माझी बायको, वनमाला. येत्या आषाढात तिला जाऊन दोन वर्षं होतील. तिच्या आवाजाचं एकच रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे, चार मिनिटं दहा सेकंदांचं. मोबाइलवर लावलं की ती रांजणात तोंड घालून बोलल्यासारखी वाटते. मला ती नीट ऐकायची होती, बस.

ते रेकॉर्डिंग कसं झालं हे सांगताना मला लाज वाटते, पण सांगतो. कापूस उपटून झाला की आमच्या तीन एकर रानात म्हाळू धनगर दरवर्षी मेंढ्या बसवतो. रानाला लेंडीखत मिळतं, त्याला आपण ज्वारी द्यायची. त्या वर्षी एका मेंढीचं कोकरू मेलं होतं आणि दुसऱ्या एका कोकराची आई मेली होती. म्हाळूनं मेलेल्या कोकराचं कातडं सोललं आणि त्या पोरक्या कोकराला बंडीसारखं चढवलं. कातड्याची आतली बाजू अजून ओली होती, तिच्यावर माश्या चिकटून बसल्या होत्या. मी बांधावर नाकाला रुमाल लावून उभा होतो. कोरोनात माझं नाक गेलं ते परत आलंच नाही, मला कसलाही वास येत नाही. तरी रुमाल होता.

वनमालानं मात्र पदर खोचला आणि ते कोकरू मांडीत धरलं. मी नवा रेकॉर्डर तपासत होतो. त्याचा बिनतारी माईक मी घरूनच तिच्या खांद्याला अडकवून आणला होता, म्हणजे तिथे मला जवळ जावं लागू नये.

"मेंढी वासावर जाती वैनी," म्हाळू तिला सांगत होता. "मेल्याल्या लेकराचा वास आला की ह्याला पाजती. तीन दिस असंच ऱ्हाऊ द्यायचं. चौथ्या दिशी कातडं काढायचं."

"आन् मग वळखायची न्हाई का ती?"

"वळखती की. पर तवर सवय झाल्याली असती. मग कुणाचं बी असू द्या, पाजतीच."

रेकॉर्डिंगमध्ये त्यानंतर, तिसऱ्या मिनिटाला, मेंढी कोकराला चाटते तो आवाज आहे, वीसेक सेकंद. मग वनमाला मला हाक मारते. "अहो, इकडं या की जरा. धरा ह्याला." मी गेलो नाही. ती परत म्हणते, "या की, चावत न्हाई काही." तेव्हाही मी गेलो नाही. मग ती हसते. पुढे चार महिन्यांत ती गेली.

चौथ्या दिवशी म्हाळूनं ते कातडं माझ्यापुढे धरलं. "ज्याच्या रानात बांधलं त्यानंच पुरायचं असतंय सर. खाली-वर मीठ टाका." मी ते काठीच्या टोकावर घेतलं, ओढ्यापर्यंत नेलं आणि बाभळीत भिरकावून दिलं. असल्या घाणीवर मीठ कोण वाया घालवणार?

तर तीन डॅक. पहिला अंगठ्याएवढा, मोबाइलला लावायच्या वायरीतलाच. दुसरा लोखंडी डबीतला, घरपोच मागवलेला. तिसरा जुना, जड, शिडीचा डॅक. त्याच्या आत शेकडो रोध शिडीच्या पायऱ्यांसारखे जोडलेले असतात. गटातल्या एकानं तो सोलापूरहून ट्रकवाल्याबरोबर पाठवला आणि मी मांजरसुंब्याच्या ढाब्यावर जाऊन ताब्यात घेतला.

मुलगी सुकन्या बीडला बँकेत असते. ती होळीला रजा जोडून आली होती. तिला मी कामाला लावलं. जो डॅक किंचित मोठ्यानं वाजतो तोच माणसाला चांगला वाटतो, शौकिनांचं सगळं शास्त्र या एका गाढवपणावर उभं आहे. म्हणून आधी मीटर लावून तिन्हींचा आवाज सारखा करून घेतला. मध्ये चादर टांगली. सुकन्यानं पलीकडे चिठ्ठी काढायची, निघेल त्या डॅकची वायर जोडायची आणि मी अलीकडून नंबर सांगायचा. वेळ दुपारी दोन ते चार, कारण तेव्हा शेजारची पिठाची गिरणी बंद असते.

भजन लावलं, तबला लावला, सिनेमाची गाणी लावली. वीसपैकी सात वेळा बरोबर आलो. तीन डॅकमध्ये डोळे मिटून बोट ठेवलं तरी तेवढं येतं. मला भयंकर आनंद झाला. गटावर टाकायला मजकूर मनात तयार होऊ लागला.

मग वनमालाचं रेकॉर्डिंग लावलं. तिसरी डबी लागली आहे की नाही, हे मी वीसपैकी वीस वेळा बरोबर ओळखलं.

त्या डबीवर वनमाला 'अहो' म्हणायच्या आधी श्वास घ्यायची. स्वयंपाकघरातून हाक मारताना ती घ्यायची तसा, लहानसा, चिडल्यासारखा. मी तो विसरून गेलो होतो. चादरीच्या अलीकडे बसून मी रडलो आणि सुकन्याला कळू नये म्हणून खोकल्याचं सोंग केलं.

"मला तर काही फरक वाटत नाही, आप्पा," ती म्हणाली. "पण इथं वास कसला येतोय? काहीतरी मेलंय."

उंदीर असेल म्हणून आम्ही कपाट ओढलं, पलंग ओढला. काही निघालं नाही. टेबलावर मी अर्धा चहा ठेवला होता, त्याचा कप मात्र कोरडा होता. तळाला चहाचा डागही नव्हता. चाटूनपुसून लख्ख केलेला. मांजर, मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या डबीच्या बटणाला बोट चिकटलं. पिवळट, मेणचट काहीतरी लागलं होतं आणि त्यात एक आखूड कुरळा केस होता. जुनं सामान घेतलं की दुसऱ्याची घाण घरात येते, असं बडबडत मी स्पिरिटनं बटण पुसलं. दुपारी परत बसलो तेव्हा ते पुन्हा चिकट होतं. पुसून पुसून बोटांची सालं निघाली.

त्या दुपारी चाटण्याचा आवाज तिसऱ्या मिनिटाची वाट बघत थांबला नाही. पहिल्या सेकंदापासून सुरू झाला. चप, चप. खरबरीत जीभ ओल्या केसांवरून ओढल्याचा आवाज. मी कॉम्प्युटरवर आवाजाचा आलेख उघडून पाहिला. सुरुवातीला घंटांच्या बारीक रेघांखेरीज काही नव्हतं. दुसऱ्या डबीवर ऐकलं तर जीभ लांब, आपल्या तिसऱ्या मिनिटाला. तिसरीवर, टेबलाच्या कडेशी. आकडे तेच होते, एकही बदलला नव्हता.

संध्याकाळी म्हाळू आला. यंदाच्या मेंढ्या कधी बसवायच्या ते विचारायला आला होता. सुकन्यानं पाणी दिलं. तो ओसरीवर बसला होता, तांब्या तोंडाला लावता लावता थांबला आणि त्यानं नाक वर करून हवा ओढली.

"सर, त्या साली कातडं पुरलं व्हतं न्हवं?"

"पुरलं की."

"मीठ टाकून?"

"हो रे बाबा, टाकलं."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. तांब्या तसाच खाली ठेवला. "यंदा तुमच्या रानात न्हाई बसवत," म्हणाला आणि चपला हातात घेऊन अनवाणीच निघाला. मला राग आला. अडाणी माणसाचा राग येतो तसा नव्हे. खोटं पकडलं गेल्याचा.

सुकन्या रात्रभर अंगणात झोपली. सकाळी तिनं पिशवी भरली. तिचे डोळे सुजले होते, तोंडाला ओढणी बांधली होती.

"आप्पा, ती डबी परत पाठवा. नाहीतर माझ्यासंगं बीडला चला."

"आईचा आवाज आहे तो, सुकन्या."

"मला आईचा आवाज ऐकू येत न्हाई हो त्यात. मला नुसता वास येतो. आईच्या अंगाला असला वास कधी येत नव्हता."

मी पाठवतो म्हणालो. एसटी धुरळ्यात दिसेनाशी झाली तसा घाईघाईनं घरी आलो. दोन वाजायला दहा मिनिटं होती.

वाटेत दूध घेतलं. मांजर पकडायचं तर काहीतरी ठेवायला हवं, असं मी स्वतःला सांगितलं. वाटी टेबलावर, डबीच्या शेजारी ठेवली.

त्या तिसऱ्या दुपारी मला कळलं ते एवढंच. वनमाला बोलायला लागली की जीभ थांबते. ती गप्प झाली की जीभ सुरू होते.

दोन्ही एकाच तोंडातून येत होतं.

अंगावर शिसारी आली. मानेवरून, पाठीवरून, पायाच्या नखापर्यंत. ही वनमाला नाही हे मला तेव्हा कळलं होतं. कळलं नाही असं मी म्हणणार नाही. पण तो श्वास तिचा होता. 'अहो' तिचं होतं. मी वायर काढायला हात नेला आणि तसाच मागे घेतला.

रेकॉर्डिंग पाच वेळा ऐकलं. वाटी पाचही वेळा कोरडी झाली, पाचही वेळा मी ती भरली.

चौथ्या दिवशी दोन वाजता गिरणी बंद झाली. मी वाटीत दूध ओतलं, खुर्ची ओढली, रेकॉर्डिंग लावलं.

मेंढ्यांच्या गळ्यातल्या घंटा. माश्या. म्हाळूचा खोकला.

"मेंढी वासावर जाती वैनी," म्हाळू म्हणाला. चौथ्या दिवशी कातडं काढायचं, इथपर्यंत तो बोलला. मग शांतता. "वळखती की," तो म्हणाला. त्याला कुणी काही विचारलंच नव्हतं.

हाक आली नाही. हसू आलं नाही. तिच्या जागा रिकाम्या होत्या, घंटा तेवढ्या वाजत होत्या.

मी दुसरी डबी लावली. पहिली लावली. मोबाइलवर लावलं. कपाटातल्या पेनड्राइव्हवर दुसरी प्रत होती, ती काढली. चार मिनिटं दहा सेकंद. कुठेही वनमाला नव्हती.

चाटणंही नव्हतं. डबीचं बटण कोरडं, स्वच्छ होतं.

एकच तर आवाज होता माझ्याकडे. हातातल्या वायरी खाली पडल्या तरी मला कळलं नाही.

मग स्वयंपाकघरातून कुणीतरी म्हणालं, "अहो, इकडं या की जरा."

स्पीकर बंद होते.

आवाज वनमालाचा नव्हता. तिच्यासारखाही नव्हता. त्यानं आता तसला प्रयत्नसुद्धा केला नव्हता. ओला, जाड, शब्द नुकते शिकल्यासारखा.

"या की. चावत न्हाई काही."

मला ओकारी आली, ती मी गिळली. बांधावरून एकदा मी गेलो नव्हतो.

"आलो," मी म्हणालो आणि दूध सांडू नये म्हणून वाटी दोन्ही हातांनी धरून उठलो.