शंकासुराचे संदर्भ

परिषदेच्या दुसऱ्या दिवशी, जेवणानंतरच्या सत्रात, शेजारच्या खुर्चीवरचा माणूस माझ्या खांद्यावर डोकं टेकवून चक्क झोपला.

मी हलले नाही. दया वगैरे नव्हे... मीच इतकी दमले होते, की हलायचंही जिवावर आलं होतं. स्वादुपिंडाच्या कर्करोगातल्या एकाच प्रथिनामागे आठ वर्षं धावलेली बाई मी. ते ज्यांच्या गाठीत जास्त, त्यांना नेहमीचं औषध लागू पडत नाही, एवढंच माझं म्हणणं. हाती मोजके पेपर आणि संपत आलेला नोकरीचा करार. विभागप्रमुखांनी तोंडावरच सांगितलं होतं, “तुमच्या कामाचा संदर्भ कुणी घेतच नाही. सायटेशन वाढवा, नाहीतर निवड समितीला मी काय सांगू?”

सायटेशन म्हणजे काय केस आहेत, तेल लावलं की वाढायला!

टाळ्या वाजल्या आणि तो दचकून उठला.

“सॉरी! दोन दिवस सलग स्लाइड्स बघत होतो, त्यामुळे...” त्याची नजर माझ्या गळ्यातल्या कार्डावर गेली आणि कानाच्या पाळ्या लाल झाल्या. “अरे देवा. तुम्ही!”

मी त्याचं कार्ड वाचलं. हा तर शंकासुर!

हे नाव मीच ठेवलेलं. माझ्या मुख्य पेपरचा ज्यांनी म्हणून संदर्भ घेतला, त्यात सगळ्यात जास्त वेळा या एकट्या पॅथॉलॉजिस्टनं. आणि दर वेळी वाक्य तेच : ‘आम्हाला हा निष्कर्ष पुन्हा मिळाला नाही.’

“दर वेळी मला खोडलंत,” मी म्हटलं.

“पण दर वेळी वाचलं ना!” तो हसला. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, पण हसू मात्र ताजं. “आणखी कुणी वाचलंय?”

“आईनं. पहिलं पान. म्हणाली, अक्षरं फार बारीक आहेत गं.”

त्या दिवशी आम्ही उभ्याउभ्या भांडत चहा गार केला. मग फोन सुरू झाले. तो त्याच्या गावाहून, मी माझ्या. कामावरून परतताना. आधी प्रथिनाबद्दल, मग त्याच्या वहिनीनं शोधलेल्या मुलींबद्दल, मग कशाहीबद्दल. कधीकधी दोघंही इतके थकलेले असायचो, की नुसते श्वास ऐकू यायचे... तरी फोन ठेववत नसे.

“कोण गं तो?” आईनं विचारलं.

“माझा टीकाकार.”

“असं? मग साध्या फोनवर बोलताना केस कशाला नीट करतेस?”

निवड समितीची बैठक महिन्यावर आली आणि एके संध्याकाळी तो म्हणाला, “मी सगळे नमुने परत तपासले. तुमचंच बरोबर होतं. समितीआधी तसं छापून येईल असं बघतो.”

आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी मी विचारलं,

“हे तुम्हाला सूक्ष्मदर्शकात दिसलं... की फोनवर?”

पलीकडून नुसता पानं उलटल्याचा आवाज आला.

“प्रेमात पडलेल्या माणसाच्या आकड्यांवर माझा विश्वास नाही.”

“मी प्रेमात पडलोय असं कोण म्हणालं?”

“...कुणी नाही.”

“मग मी म्हणू?”

“आधी तुमचे-माझे सगळे नमुने तिसऱ्या कुणाला तरी तपासायला देऊ. कुठला कुणाचा, हे न सांगता. उद्या यावरून कुणाची तरी औषधं ठरतील.”

“तोवर समिती होऊन जाईल.”

“जाऊ दे.”

गेलीच. जागा दुसऱ्याला मिळाली. आई पाठीवरून हात फिरवत राहिली.

नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात मी उणे ऐंशी अंशांच्या फ्रीझरमधून माझे नमुने काढून नव्या माणसाच्या हवाली करत होते. पाठीमागून आवाज आला, “निकाल आला.”

तो स्वतः आला होता. प्रवासानं चुरगळलेला शर्ट, खांद्यावर बॅग.

“लवकर सापडलेल्या रुग्णांमध्ये तुमचं म्हणणं टिकतं. आजार पसरलेल्यांत नाही. माझ्याकडे इतकी वर्षं पसरलेलेच यायचे, तुमच्याकडे लवकर सापडलेले.” त्यानं खांद्यावरची बॅग सावरली. “आणि मागच्या खेपेला मी प्रथिनाचे अगदी पुसट डागही ‘आहे’ म्हणून मोजले होते. तुम्हाला जिंकवायचं होतं मला... तुमचा संशय खरा होता.”

मी स्टुलावर बसले. रडू आलं नाही. तेवढं त्राणच नव्हतं.

“तेच छापू दिलं असतंत, तर नोकरी राहिली असती,” तो हळूच म्हणाला.

“आणि मग आयुष्यभर तुमच्याकडे बघताना वाटलं असतं, हा माणूस माझ्यासाठी खोटं बोलला.”

“...आयुष्यभर?”

शब्द निसटला होता. परत घेण्याइतकी ताकद नव्हती. इच्छाही.

“हो,” मी म्हटलं.

त्यानं बॅग खाली ठेवली. माझे जाड हातमोजे एकेक करून काढले. बोटं पांढरीफटक, बधिर झाली होती. ती त्यानं आपल्या दोन्ही तळव्यांत घट्ट धरली. कितीतरी वेळ काहीच जाणवेना. मग हळूहळू ऊब आत शिरली आणि बोटांना मुंग्या आल्या, कळा येऊ लागल्या.

“दुखतंय,” मी म्हटलं.

“सोडू?”

“नको.”