पान बेचाळीस

"रामकिशन गॅसची टाकी आणायला गेला होता. भूत बघायला न्हाई," भागवतकाका म्हणाले, आणि गच्चीवर सगळे जवळ सरकले.

सगळे म्हणजे दोघंच. काकांची पुतणी साक्षी, वकिलीच्या शेवटच्या वर्षाला, आणि तिच्या वर्गातला मल्लेश. लातूरची लाइट गेलेली. काकांनी बत्तीस वर्षं कोर्टाच्या रेकॉर्ड रूममध्ये निकाल लागलेल्या केसेसचे कागद सांभाळले होते. त्यामुळे त्यांच्या गोष्टीला तारीख असायचीच.

"बारा डिसेंबर दोन हजार तेवीस. मंगळवार. अमावस्या. माझ्या वळखीचा माणूस हाय, आजबी जिता हाय."

उदगीरहून देगलूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका फाट्याला रामकिशनचं चहाचं हॉटेल. तिथं रात्री पोलिसांची नाकाबंदी लागायची. हवालदार शिवमूर्तींना सगळे जमादार म्हणत. दारू पिऊन गाडी चालवणारा सापडला की जमादार त्याला यंत्रात फुंकायला लावायचे आणि रामकिशनला हाक मारायचे. आकडा बघायला, पंचनाम्यावर सही करायला पंच लागतो. रात्री दुसरा माणूस आणायचा कुठून? रामकिशन आधण तसंच ठेवून जायचा. पण वाचल्याशिवाय सही करायचा नाही. जमादार हसायचे.

"वाच बाबा, वाच. तुझी सही म्हणजे कलेक्टरची सही हाय."

मग एका रात्री पांढऱ्या गाडीतला एक पोरगा सापडला. नीट उभंही राहता येत नव्हतं त्याला. पंचनामा झाला, रामकिशनची सही झाली, आणि तेवढ्यात पोरगा पुन्हा गाडीत जाऊन बसला. जमादारांनी किल्ली काढायला खिडकीतून उजवा हात आत घातला. पोरानं गाडी दामटली. हात स्टेअरिंगमध्ये अडकलेला. गाडी थांबली तेव्हा जमादार संपले होते.

हे बघणारा एकटा रामकिशन. जमादारांना माती देताना तो त्यांच्या बायकोला, पार्वतम्माला म्हणाला होता, "वैनी, कोर्टात मी हाय. भिऊ नका."

हॉटेलची जागा त्या पोराच्या चुलत्याची होती. रामकिशनच्या कोर्टातल्या जबाबाच्या आदल्या आठवड्यात चुलता येऊन चहा पिऊन गेला. उठताना एवढंच म्हणाला, "खरं बोल की. कोण अडवतंय? बोलून झालं की टपरी उचल."

बारा तारखेला दुपारी पार्वतम्मानं कोर्टात रामकिशनसाठी डबा आणला. भाकरी, शेंगदाण्याची चटणी. तो जेवला. मग आत गेला.

आरोपीच्या वकिलानं शांतपणे विचारलं, "पंचनामा तुमच्यासमोर झाला?"

"न्हाई."

"सही कुणाची?"

"माझीच. जमादारानं कोऱ्या कागदावर घेतली होती."

"त्या रात्री काय पाहिलं?"

"कायच न्हाई साहेब. मी झोपलो होतो."

सरकारी वकिलानं त्याला फितूर जाहीर केलं. मागच्या बाकावर पार्वतम्मा सगळं ऐकत होती. बाहेर आल्यावर तिनं रिकामा डबा उचलला आणि विचारलं, "पोट भरलं ना, भाऊ?"

साक्षी उसळली. "काका, त्या वकिलाची सनदच काढून घ्यायला पाहिजे होती!"

"का बरं? त्यानं प्रश्न विचारले. उद्या तूबी तेच करशील, आन केलंच पाहिजे. उत्तर कुणी दिलं?"



त्याच संध्याकाळी हॉटेलवर गॅस संपला. रामकिशन मोटारसायकलवर उदगीरला मेहुण्याकडे गेला, तिथंच थोडा बसला, आणि भरलेली टाकी मागे बांधून निघाला. वाटेत एकही गाडी भेटली नाही. सव्वाअकराला तो फाट्यावर पोचला.

नाकाबंदी लागलेली.

एकच बॅटरी. मागे एकच माणूस. नवा हवालदार आला असेल, असं त्याला वाटलं. त्यानं गाडी हळू केली. ती आपोआपच बंद पडली.

"रामकिशन... ये रे. पंच पाहिजे."

आवाज ओळखीचा होता.

तो उतरला. का उतरला, त्याला आजही सांगता येत नाही. पाय सवयीनं गेले.

रस्त्यावर पकडलेली गाडी नव्हती. पकडलेला माणूस नव्हता. बॅटरी डाव्या हातात होती. उजवी बाही खांद्यापासून मोकळी लोंबत होती.

"जमादार... आरोपी कुठाय?"



बॅटरीचा उजेड एका कागदावर पडला. रामकिशननं वाचायला मान वाकवली. वाचण्यासारखं काही नव्हतं. कागद कोरा.

"जमादार, ह्याच्यावर तर..."

"कर सही. मी मागून भरतो." आवाजात राग नव्हता. तेच तर वाईट होतं. "तुझ्यावर भरवसा हाय माझा."

त्यानं सही केली.

बॅटरी विझली.

मग... काहीच नाही. रस्ता मोकळा. बॅरिकेड नाही, माणूस नाही. गाडी पहिल्याच किकला चालू झाली.

काका थांबले. मल्लेशनं हळूच विचारलं, "पोरगा सुटला?"

"सुटला. दोन महिन्यांनी फाइल माझ्याकडं आली. मी पानं मोजून घेतो. यादीत एक्केचाळीस. हातात बेचाळीस. शेवटचं पान कोरं, खाली नुसती रामकिशनची सही. तारीख बारा डिसेंबर. रात्रीचे सव्वाअकरा."

"कुणीतरी घातलं असेल," साक्षी म्हणाली.

"मलाबी तसंच वाटलं. रामकिशनला बोलावून पान दाखवलं. तवा हे समदं सांगितलं त्यानं."

"फाडून का नाही टाकलं?"

"फाइलमधलं पान फाडायचा अधिकार मला न्हाई, बाई. बांधून ठेवलं. रिटायर झालो त्या दिवशी पुन्हा सोडून पाहिलं."

"मग?"

"वरून भरत आलं होतं. जमादारांचं अक्षर मी वळखतो, शेकड्यानं पंचनामे पाहिलेत त्यांचे."

"काय लिहिलं होतं, काका?"

काकांनी अंधारात बोटांवर काहीतरी मोजलं.

"वाचलं न्हाई. नुसत्या ओळी मोजल्या. सहीपर्यंत पोचायला चार राहिल्या होत्या... गेल्या दिवाळीला."