बर्फाच्या कारखान्यातला मिस्त्री

मासळीच्या लिलावात तोंडानं बोली कुणी लावत नाही. मान हलली, की बोली वाढली! पण बर्फाच्या कारखान्यातलं यंत्र दुरुस्त करायला शहरातल्या कंपनीकडून आलेल्या मिस्त्रीला हे कुठून ठाऊक असणार? सकाळी सकाळी बंदरावर लिलावाच्या घोळक्यात समोर एक देखणी मुलगी दिसली, तिनं सहज बघितलं... आणि ओळख ना पाळख, गड्यानं मान हलवली. तिनं भुवया उंचावल्या. त्यानं पुन्हा हलवली. झालं! टोपलीभर बांगडे त्याच्या गळ्यात.

"आता काय करू यांचं?" तो रडकुंडीला आला.

"खा," ती म्हणाली. बापाची खानावळ तीच चालवायची. सगळे तिला शेठाणी म्हणत. शेवटी तिलाच दया आली. टोपली तिनं घेतली आणि त्याला जेवायला बोलावलं.

मग तो रोजच येऊ लागला. खिडकीतून खारा वारा, ताटात वाफाळता भात, तळलेला मासा...

"मीठ कमी पडलंय का?"

"तुम्ही समोर असताना मिठाकडे कोण बघतंय?"

"पुरे हं! जेवा मुकाट्यानं." गाल मात्र लाल झालेले.

बिघडलेलं यंत्र दुरुस्त झालं की मिस्त्री निघून जाणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. "झालं का काम?" ती जीव मुठीत धरून विचारायची.

"छे... अजून बरंच आहे."

की हिचा जीव भांड्यात! यंत्र बिघडलेलंच राहावं म्हणून शेठाणी देव पाण्यात घालून बसली होती म्हणा ना!

एके दुपारी तिनं मासळीची पेटी उघडली आणि बघतच राहिली. सकाळचा बर्फ अजून तसाच, टणक आणि नितळ. बिघडलेल्या यंत्राचा बर्फ पांढराफटक, भुसभुशीत. बघता बघता त्याचं पाणी व्हायचं. ती तरातरा कारखान्यात गेली.

"यंत्र केव्हाच सुरू झालंय! खोटं बोललात माझ्याशी?"

मिस्त्रीनं मान खाली घातली. "कारखान्याच्या मालकांना तेव्हाच सांगितलं. मी सुट्टी टाकून राहिलोय... ती उद्या संपतेय."

"आणि राहिलात कशाला?"

"तुमच्यासाठी. पण सांगायला जीभच रेटेना..."

"मग मी सांगते. माझं प्रेम आहे तुझ्यावर. पण बाबांचे गुडघे गेलेत. खानावळ सोडून मी कुठे यायची नाही."

त्यानं हातातला ग्रीसचा डबा खाली ठेवला.

"नोकरी सोडतो," तो म्हणाला. "बंदरावरच्या निम्म्या बोटींची इंजिनं खोकतायत. उपाशी नाही मरणार."

"माझ्यासाठी सोडतोयस?"

"माझ्यासाठी. तुझ्याशिवाय मला करमणार नाही तिकडे."

तिचे डोळे भरून आले, पण आवाज कापला नाही. "चल मग."

"कुठे?"

"बाबांना सांगायला."

"आत्ता? अगं, हात ग्रीसनं बरबटलेत—"

"असू देत."

आणि भर दुपारी, अख्ख्या बंदरादेखत, तिनं तो काळाकुट्ट हात घट्ट धरला आणि मिस्त्रीला घरी घेऊन गेली.